विनोदिनीवयनीची करटी

लाटंबार्से गावात काजूच्या भट्ट्या बऱ्याच आहेत, पण भरवशाची जीभ एकच. विनोदिनीवयनीची. भाणातून, म्हणजे भट्टीवरच्या त्या मोठ्या तांब्याच्या भांड्यातून, हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या उतरणीची हलकी दारू, उतरायला लागला की वयनी नारळाच्या इवल्याशा करटीत तो जरासा धरायची, जिभेवर फिरवायची, डोळे मिटायची आणि सांगायची, "चवदा." मग कोणीतरी काचेची नळी त्यात सोडायचं. दारूचा जोर मोजणाऱ्या या नळीला आमच्याकडे ग्राव म्हणतात. नळी बरोबर चौदावर उभी राहायची. वयनी तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही. परीक्षा नळीची होती आणि ती पास झाली, असा वयनीचा चेहरा असायचा.

आणि ही वयनी दारू पीत नाही. नुसती पीत नाही असं नव्हे, पिणाऱ्याला उभं करत नाही. भट्टीवर कोणी झिंगून आलं तर हातातला केरसुणीचा दांडा दाखवते. आता बाहेरचा माणूस विचारेल, चाखते पण पीत नाही म्हणजे काय? आमच्या गावात हे कोणी विचारत नाही. चाखणं हे काम आहे आणि पिणं हे व्यसन. दोन्हींची गल्लत इथं कोणी कधी केली नाही. मीही केली नाही, आणि मी तर औषधशास्त्र शिकलेला माणूस.

मी सगुण. तिठ्यावर माझं औषधाचं दुकान आहे, एकतीस वर्षं झाली. वयनीचा नवरा शिवदास आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो, म्हणून ती वयनी. तिची ही हकिगत हल्ली लोक हसत हसत सांगतात, आणि सांगताना माझा वाटा गाळतात. माझ्या तोंडावर मला कोणी काही म्हणत नाही, याचाच मला जास्त राग येतो. म्हणून मीच सांगतो.

शिवदास गेला तो गेल्या भाद्रपदात. चवथ होऊन आठ दिवस झाले होते. रात्री जेवून झोपला तो सकाळी उठलाच नाही. हृदय बंद पडलं. माणूस असा गेला की लोक म्हणतात, भाग्यवान, कोणाकडून सेवा करून घेतली नाही. वयनीसमोरही लोक तेच म्हणाले. ती मान हलवत राहिली.

नोव्हेंबरात ती दुकानात आली तेव्हा मी आधी तिला ओळखलंच नाही. डोळ्यांखाली काळं, लुगडं कसंतरी गुंडाळलेलं.

"सगुण, माका झोप येना रे. दोन म्हयने जाले. काय तरी दी."

त्या दिवशी मी शहाण्यासारखा वागलो हे लिहून ठेवतो, कारण पुढं तसं फारसं काही येणार नाही. मी म्हटलं, "वयनी, डॉक्टराच्या चिठीबगर माका दिवक येणा नाय. रुद्रेशाक सांग, तो घेऊन जायत."

रुद्रेश हा तिचा एकुलता एक मुलगा, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरीला. तो तिला डिचोलीला डॉक्टर दिपालींकडे घेऊन गेला. डॉक्टर वयानं लहान, पण घाईत नसतात. त्यांनी बराच वेळ विचारपूस केली आणि झोपेची गोळी लिहून दिली. रात्री एक, दहा दिवसांपुरती, मग परत दाखवायला या. वयनी ती चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली ती तणतणतच.

"काय इचारता ठावक आसा ती? दारू पितास काय म्हूण! माका!"

"मगे तू काय सांगलंस?"

"सांगलंय, बाय गो, त्या वस्तूक मी शिवत नाय."

मी हसलो आणि गोळ्या दिल्या. चिठ्ठीवर लिहिलेलं वाचूनही दाखवलं: झोपायला आडवं होतानाच घ्यायची, घेतल्यावर चूल पेटवायची नाही, गाडीवर बसायचं नाही, दारू अजिबात नाही. शेवटच्या ओळीला आम्ही दोघंही परत हसलो.

गोळीनं गुण दिला. दहाव्या दिवशी वयनी खतखत्याचा, म्हणजे मिसळीच्या भाजीचा, डबा घेऊन आली. चेहरा उजळला होता. "जल्मात अशी झोपूक नाय," म्हणाली. आणि आणखी दहा गोळ्या मागितल्या.

"वयनी, चिठी जुनी जाली गो."

"चिठी जुनी जाली, मी तीच आसंय मरे. त्या दिपालीकडे परत कित्या जाव? एक बस चुकली की अर्धो दीस मोडता."

मी दिल्या. शिवदासाची बायको, डब्यात गरम खतखतं, आणि दहाच तर गोळ्या. अशा गोळ्या नव्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नसतात हे मला त्या दिवशीही पाठ होतं. मग दहाच्या वीस झाल्या. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. फेब्रुवारीत ती म्हणाली, एका गोळीत आता डोळा लागत नाही, दीड घेते. तिथं तरी माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. मी म्हटलं, "जास्त नको घेव गो," आणि पुडी बांधली. पाच महिने हे चाललं.

मार्चमध्ये काजूचा हंगाम सुरू झाला. बोंडं पिकून पडायला लागली, कोंडाळ्यात, म्हणजे हौदात, तुडवली जाऊ लागली, रस आंबला आणि वयनीच्या भट्टीवर धूर दिसू लागला. शिवदास असताना आग तो सांभाळायचा आणि जीभ हिची. आता आगीला परशुराम होता, बेळगावकडचा गडी, चार वर्षं हंगामाला येतो. रुद्रेशचं म्हणणं होतं की यंदा भट्टी नकोच. वयनी म्हणाली, "तुज्या बापायन बांदलेली चूल मी विजवूची नाय." तिथं विषय संपला.

हंगाम सुरू होऊन पंधरा दिवस झाले तशा एकेक गोष्टी कानावर यायला लागल्या. वयनीच्या कपाळावर टेंगूळ आलं, कसं ते तिलाच आठवेना. सकाळी नऊ वाजेपर्यंत ती खांबाला टेकून असायची. एकदा तिनं फोंड्याच्या आपल्या बहिणीला फोन करून तासभर गप्पा मारल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच बहिणीवर रागावली की तू मला फोनच करत नाहीस. लोक म्हणाले, नवऱ्याचं दुःख आहे, व्हायचंच. मीही म्हटलं.

आणि मग जीभ चुकली. साखळी गावचं एक नेहमीचं गिऱ्हाईक आलं होतं. वयनीनं करटी तोंडाला लावली, डोळे मिटले, म्हणाली, "पंदरा." नळी सोडली तर बारा. वयनी म्हणाली नळी फुटकी आहे. रुद्रेशला नवी आणायला लावली. नवीही बारावरच उभी राहिली. भट्टीवर चारचौघं होते, त्यातला एक हसला.

त्या संध्याकाळी ती माझ्या दुकानातल्या बाकड्यावर येऊन बसली. "माजी जीभ गेली रे सगुण," म्हणाली, आणि रडली. शिवदास गेला तेव्हाही तिला मी रडताना पाहिलं नव्हतं. मी काय केलं? जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची एक पट्टी दिली. आणि तिनं मागितल्या म्हणून झोपेच्याही वीस दिल्या.

आठ एप्रिलची गोष्ट. भट्टीवरचं काम आवरायला आठ वाजायचे, मग घरी जाऊन गोळी घेतली की झोप यायला आणखी वेळ. दीड गोळी घेऊनही अलीकडे डोळा लागायला उशीर व्हायचा. त्यावर वयनीनं आपल्या मनानं तोड काढली होती. संध्याकाळी सातलाच, भट्टीवर बसल्या बसल्या, गोळी घ्यायची. म्हणजे घरी पोचेपर्यंत झोप तयार. त्या दिवशी शेवटचं भाण उतरत होतं, तेही फेणीचं, हुर्राकापेक्षा दुप्पट-तिप्पट जोराचं. भाणाच्या तोटीखालचं मडकं भरत आलं की बदलायचं, एवढंच तिचं काम. परशुराम मागच्या खोपीत लाकडं आणायला गेला होता.

तो परतला तेव्हा मडकं भरून वाहत होतं आणि फेणीची धार जमिनीवरून चुलीच्या तोंडाकडे चालली होती. वयनी भिंतीला टेकून बसलेली, मान छातीवर, पदर चुलीपासून वीतभरावर. परशुरामनं लाकडं तिथंच टाकली, मडक्याला लाथ घालून दुसरीकडे लवंडलं, पाण्याची घागर धारेवर ओतली आणि वयनीला काखेत धरून अंगणात ओढलं. तोंडावर पाणी मारलं. ती जागी होईना. श्वास चालू होता, पण एक घेतला की दुसरा येईपर्यंत आपला जीव वर-खाली, असं तो नंतर सांगायचा.

डिचोलीला नेलं. रुद्रेशनं मला फोन केला, "सगुणकाका, ती गोळ्यांची पट्टी आणि चिठी घेऊन येवा." मी पोचलो तेव्हा इस्पितळातल्या डॉक्टरनं पहिलाच प्रश्न केला, दारू घेतात का? तोंडाला वास येतोय. रुद्रेश म्हणाला, भट्टीवर असते, कपड्यांना वास यायचाच. आणि मी, औषधवाला सगुण, छाती पुढे काढून म्हणालो, "वयनी? थेंबाला शिवत नाही." रात्रभर त्यांनी तिला देखरेखीखाली ठेवलं. सकाळी तिनं डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "भाण उतारला?"

दोन दिवसांनी आम्ही सगळे डॉक्टर दिपालींच्या खोलीत बसलो होतो: वयनी, रुद्रेश, मी, आणि काय पाहिलं ते सांगायला परशुराम. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "सगुणबाब, मी दहा दिवसांच्या गोळ्या लिहिल्या होत्या. या पाच महिन्यांच्या कोणी दिल्या?"

"मी दिल्या," मी म्हणालो. लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

डॉक्टर म्हणाल्या, "तरीसुद्धा दीड गोळीनं इतकं व्हायला नको. काकी, आणखी काही घेत होता? दुसरी गोळी, काढा, दारू?"

आम्ही तिघांनी एका सुरात नाही म्हटलं. परशुराम दाराशी उभा होता. तो पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "चाकतात की रोज."

"चाखतात म्हणजे?"

"बारा वेळा. मी मोजतो की. अक्कानं दोनदा चाकलं की एक लाकूड सारायचं, असं माझं गणित हाय."

"अरे, ता चाखणां!" वयनी उसळली. "दोन थेंब! ता काय पिणां?"

 डॉक्टरांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "कसं चाखता ते दाखवा." करटी वयनीच्या पिशवीत होती. सासूनं दिलेली म्हणून ती कधी भट्टीवर ठेवून येत नाही. तिनं नेहमीच्या सवयीनं, बोटाच्या झटक्यानं, करटीत पाणी घेतलं. मी डॉक्टरांच्या टेबलावरचा औषध मोजायचा कप उचलला आणि ते पाणी त्यात ओतलं. मला वाटलं होतं, तळ ओला होईल. पंधरा मिलिलिटरच्या रेषेला पाणी लागलं.

मी परत मोजलं. पंधरा. बारा वेळा म्हणजे एकशे ऐंशी. म्हणजे चहाचा मोठा पेला भरून, निम्मा हुर्राक आणि निम्मी फेणी. मी कप वयनीसमोर धरला. इतक्या वर्षांत मी हजार माणसांना याच कपानं खोकल्याचं औषध मापून दिलं असेल, हे एवढं मोजायचं मला कधी सुचलं नव्हतं.

वयनीनं आधी कपाकडे पाहिलं, मग करटीकडे. ती म्हणाली, "म्हणजे त्रेचाळीस वर्सां मी दारू पितंय?"

रुद्रेशला हसू आलं आणि अर्ध्यावर ते गेलं.

"काकी," डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्या कामाला मी नाव ठेवत नाही. पण चाखलेली दारूही पोटातच जाते. गोळी मेंदूला आणि श्वासाला मंद करते, दारूही तेच करते. दोन्ही एकत्र आल्या की श्वास थांबूसुद्धा शकतो. ही गोळी वाईट नाही. थोडे दिवस, ठरलेल्या मापात, दारूशिवाय घेतली तर ती उपयोगाची. आपण सगळ्यांनी मिळून ती चुकीची घेतली."

त्या 'आपण' म्हणाल्या. मी तो शब्द विसरलो नाही.

घरी परतल्यावर रुद्रेशनं सांगून टाकलं, भट्टी बंद. आई एकदा वाचली, दुसऱ्यांदा मी वाट बघणार नाही. वयनी त्याच्याहून हट्टी. गोळी आणि करटी दोन्ही चालणार नाहीत ना, मग गोळी जाऊ दे, म्हणाली, आणि उरलेली सगळी पट्टी चुलीत टाकली. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? मी सांगितल्याशिवाय एकदम बंद करू नका. पण ते ऐकायला तिथं कोणाचे कान रिकामे होते!

तीन दिवसांत तिची दशा झाली. डोळ्याला डोळा नाही, हात थरथरतात, घाम, छातीत धडधड. चौथ्या दिवशी तिला परत डिचोलीला नेलं. डॉक्टर पहिल्यांदाच रागावल्या. पाच महिने रोज घेतलेली गोळी एका दिवसात तोडली तर झटकेसुद्धा येऊ शकतात, म्हणाल्या. मग वयनीला समजेल असं त्यांना काही सुचेना आणि त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "वयनी, भाण उतरताना तू आग एकदम काढतंस काय?"

"येडो काय तू? सगळा भाण बिघडात. जरा जरा करून काडूची."

"तशीच ही गोळी."

वयनीनं मान डोलवली. त्या मान डोलवण्यासाठी मी पुन्हा एकतीस वर्षं दुकान चालवीन.

पण डॉक्टर तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी आम्हाला बाहेर बसायला सांगितलं आणि वयनीशी एकट्यानं बोलल्या. तासाभरानं दार उघडलं तेव्हा वयनीचे डोळे सुजले होते. काय बोलणं झालं ते तिनं मला बसमध्ये सांगितलं, खिडकीबाहेर बघत.

"त्या राती मी गाढ झोपलेलंय, सगुण. तो बाजूक मेलो आणि माका कळूक नाय. सकाळी उटवूक गेलंय तर थंड. मी जागी आसतंय तर तो जियोच रवतो." मग म्हणाली, "तेव्हापसून डोळो मिटलो की भंय दिसता. आता कोण जातलो म्हूण."

एवढी गोष्ट. नोव्हेंबरपासून ती गोळ्या घेत होती ती या भीतीवर, आणि आम्ही कोणी विचारलं नव्हतं. मी तिला सांगितलं की शिवदासचं हृदय एका मिनिटात थांबलं असणार, तू जागी असतीस आणि मी औषधांची पेटी घेऊन उशाशी बसलो असतो तरी काही झालं नसतं. तिनं ते मानलं असं नाही. पण डॉक्टरांनी तिला दर गुरुवारी नुसतं बोलायला यायला सांगितलं होतं, आणि बस चुकली की अर्धा दिवस मोडतो म्हणणारी वयनी एकही गुरुवार चुकली नाही.

भट्टीचं काय करायचं हा तंटा मात्र बाकी होता. रुद्रेश ऐकेना. डॉक्टरांचा हुकूम स्पष्ट होता: गोळी पूर्ण सुटेपर्यंत एक थेंबही जिभेवर नाही. जीभ नाही तर वयनीची भट्टी कसली? मी त्या दोघांच्या मध्ये बसलो होतो आणि मला वाटलं, आता शिवदासची चूल विझली.

वयनी उठली. पिशवीतून करटी काढून रुद्रेशच्या हातात दिली. "तर तू चाख," म्हणाली.

"आये, माका काय कळता त्यातला?"

"माका तरी काय कळा होता तेव्हा? तुज्या आजयेन शिकयलान, मी शिकलंय. चाखूची आणि थुंकूची. गिळूची नाय. ती चूक माजी."

तो करटीकडे बघत राहिला. ती दुसऱ्या कोणाच्या हातात गेलेली त्यानं जन्मात पाहिली नव्हती. त्याला नाही म्हणता आलं नाही.

मग लाटंबार्शातल्या लोकांनी मे महिनाभर फुकट नाटक पाहिलं. रुद्रेश कामावरून यायचा, करटी तोंडाला लावायचा, वेडंवाकडं तोंड करून थुंकायचा आणि म्हणायचा, "पंदरा." रोज पंधरा. काहीही उतरलं तरी पंधरा. वयनी लांब दारात कदेल, म्हणजे खुर्ची, टाकून बसायची, तिथून ओरडायची, "तेरा आसा रे ता! बुडबुडे बघ, कशे फुटतत ते बघ!" नळी सोडली की तेरा. चाखल्याशिवाय, दहा हातांवरून. जीभ गेली नव्हती. गोळीनं तिच्यावर गोधडी टाकली होती, ती निघत होती. आणि सूर्य कलला की वयनी कदेल उचलून घरी जायची, मागचं सगळं परशुराम आणि रुद्रेश बघायचे.

गोळी दर पंधरवड्याला थोडी थोडी कमी होत गेली. दीडाची एक, एकाची पाऊण. अर्ध्यावर आली तेव्हा एक आठवडा वाईट गेला, डॉक्टरांनी तिथंच आणखी आठ दिवस थांबवलं. गोळ्या माझ्याकडे राहायच्या, मी सात दिवसांच्या तोडून द्यायचो, दर वेळी नवी चिठ्ठी बघून. झोप नाही आली तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठून बसायचं, परत डोळे जड झाले की आडवं व्हायचं. दुपारची झोप बंद. आणि रात्र कशीही जावो, सकाळी सहाला उठायचंच. सहाला आमच्याकडे पोदेर सायकलचा भोंपू वाजवत पाव घेऊन येतो, तेच तिचं घड्याळ. पोदेराला ती दारात हजर दिसायची. कधी तीन तास झोपून, कधी चार.

या दिवसांत माझ्या दुकानात एक पाटी लागली: झोपेची गोळी नव्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. दोन जुने मित्र माझ्याशी बोलेनासे झाले. एकजण म्हणाला, सगुणला आता शिंगं फुटली. फुटू देत.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात वयनीनं शेवटची पाव गोळी घेतली. मी विचारत नव्हतो. विचारलं की झोप पळते असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. ती रोज बाजारहाटाला जाताना दुकानावरून जायची, मी चेहरा बघायचो आणि मनात आकडा लावायचो, तिनं हुर्राकाला लावावा तसा.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, सकाळी साडेनऊला, ती तरातरा दुकानात शिरली. हातात पावाची पिशवी. केस विंचरलेले नव्हते. मला वाटलं, काहीतरी झालं.

"सगुण, पोदेर येऊन गेलो," ती म्हणाली. "भोंपू वाजयलान, हाका मारल्यान, मगे पाव जनेलाच्या गजाक लावून गेलो. आणि माका कायच आयकूक येवक नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे मी झोपलेलंय! साडेआठ वाजूसर! गोळयेबगर!"

ती रागावलेली होती की घाबरलेली, मला कळेना. मी गल्ल्यामागून बाहेर आलो आणि तिला बाकड्यावर बसवलं. तिनं पावाची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती.

"उटलंय आणि पयली धावलंय रुद्रेशाच्या खोलयेत," ती म्हणाली. "दार लोटलंय. तर तो घोरता मरे. तोंड उघडा टाकून घोरता. आयतवार म्हूण. मी थंय उबी रवलंय, त्याचो घोरणो आयकत. किती वेळ ता ठावक नाय." "मी झोपलंय, सगुण. आणि कोणाक काय जावक नाय."

मी तिच्या शेजारी बसलो. तिनं पिशवीतून एक पाव काढला, मोडला आणि अर्धा माझ्या हातात ठेवला. "खा," म्हणाली, "निवलोसा, पण खा." आम्ही दोघांनी तो कोरडाच खाल्ला.